मास्तर एकटे बोलत नाहीत

आमच्या रेडिओ केंद्रात नवे साहेब आले की पहिल्या आठवड्यात टेबलं हलतात आणि दुसऱ्या आठवड्यात मास्तरांच्या कार्यक्रमावर कुऱ्हाड येते. एकोणीस वर्षांत चार साहेब झाले, चार कुऱ्हाडी आल्या आणि चारही बोथट होऊन परत गेल्या. हे पाचवे साहेब मात्र टेबलं जिथल्या तिथे ठेवून थेट कुऱ्हाडच घेऊन आले.

बैठकीच्या खोलीत त्यांनी भिंतीवर एक आलेख चिकटवला होता. त्यावरची लाल रेघ घसरगुंडीवरून उतरावी तशी खाली आली होती.

"रविवारी सकाळी दहा," साहेब म्हणाले. "शास्त्रीय संगीत. एक तज्ज्ञ येतो, तासभर एकटाच बोलतो, मध्ये दोन-चार तुकडे ऐकवतो आणि जातो. हे व्याख्यान झालं. आपला रेडिओ आहे, शाळेचा वर्ग नाही. लोकांना आता गप्पा हव्यात. एक चांगला निवेदक समोर बसवा, तो विचारेल, हे सांगतील. घरातल्यासारखं वाटलं पाहिजे."

मी मागच्या रांगेत होते. ध्वनिमुद्रणवाल्यांची जागा मागेच असते. आम्ही फक्त बटणं दाबतो, असा सगळ्यांचा समज आहे. तरी मला राहवेना.

"साहेब, घरात कोण कोणाला मुलाखतीसारखे प्रश्न विचारतं? घरात लोक भांडतात," मी म्हटलं.

खोलीत हशा पिकला. केंद्रात मला सगळे कात्री म्हणतात. एक तर ध्वनिफिती कापून जोडण्यात माझं आयुष्य गेलं, आणि तोंडाचं म्हणाल तर ते लपवण्यात अर्थ नाही. साहेब हसले नाहीत. त्यांनी निर्णय वाचून दाखवला. पुढचे तीन रविवार कार्यक्रम थेट होणार, आधी मुद्रण नाही. निवेदक म्हणून आमचा बुलबुल बसेल. तिसऱ्या रविवारपर्यंत श्रोत्यांचे फोन आले तर ठीक, नाही तर तो तास बंद आणि तिथे फर्माईशी सिनेगीतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच क्षणी मी घाबरलेही. कारण जी गोष्ट त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हती, ती मला ठाऊक होती. मास्तर एकटे कधी बोललेच नव्हते.

ते सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी मास्तर पहिल्यांदा आले तेव्हा नुकतेच मुलींच्या शाळेतून निवृत्त झाले होते. तीस वर्षं तिथे त्यांनी व्हायोलिन शिकवलं. आले ते अकरा पानं लिहून घेऊन. काचेपलीकडे बसून त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि देवाशप्पथ सांगते, नगरपालिकेची पाणी बंद राहण्याची सूचनासुद्धा त्याहून रंगतदार असते. चौथ्या पानावर मला डुलकी लागली. पाचव्या पानावर मी खडबडून उठले, टॉकबॅकचं बटण दाबलं आणि विचारलं, "मास्तर, ते 'नादाची अमूर्त अनुभूती' म्हणजे काय हो? मला नाही कळलं."

त्या बटणाने माझा आवाज त्यांच्या खोलीतल्या स्पीकरमधून येतो. मास्तर दचकले, मग भडकले. "एवढंही कळत नाही?"

"नाही कळत. कळत असतं तर मी तिकडे नसते का बसले?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. कागद बाजूला ठेवले, व्हायोलिन उचललं, एक सूर लावला आणि म्हणाले, "बाई, हा ऐका. आता हा. या दोघांत काय फरक आहे सांगा." मी काहीतरी सांगितलं, ते साफ चुकीचं होतं. "नाही बाई, तसं नाही," असं म्हणून मास्तर जे सुटले, ते दीड तास थांबले नाहीत. काय बोलले! जेवण पोटात जावं तसं ते सगळं माझ्या आत गेलं.

दुसऱ्या दिवशी मी बसले आणि माझा सगळा आवाज कापून टाकला. माझे प्रश्न, माझी हुज्जत, माझं 'अय्या' आणि 'हॅट'. उरले एकटे मास्तर. तेव्हाचे साहेब ऐकून म्हणाले, "वा! हा माणूस जन्मजात वक्ता आहे!" आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दोन तास भांडायचं, दर शुक्रवारी मी मला कापायचं आणि रविवारी लोकांनी म्हणायचं, मास्तर एकटे किती छान बोलतात!

तुम्ही विचाराल, कापायचं कशाला? तर तेवीस वर्षांची असताना मी याच इमारतीत निवेदिकेच्या जागेसाठी आले होते. आवाजाची चाचणी घ्यायला तीन गृहस्थ बसले होते, डोळे मिटून. माझं वाचून झाल्यावर मधल्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "हा आवाज बाजारात चालेल, रेडिओवर नाही." आवाज माझा जाडा आहे, थोडा फाटका आहे, खरंच आहे ते. मग मी कानाचं काम धरलं. त्यात मात्र मला कोणी हरवू शकलं नाही.

त्या बैठकीनंतर मास्तरांना मी जिन्यात गाठलं. वाटलं होतं ते चिडतील. पण ते कठड्याला धरून उभे राहिले, खाली बघत.

"बाई, चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे मी. घरी मी आणि व्हायोलिन. आठवड्यात मला एकच दिवस आहे, बाकीचे सहा त्या दिवसाची तयारी. तो गेला तर मी सकाळी उठू कशासाठी, सांगा."

"जाणार नाही तो," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते मलाही माहीत नव्हतं.

पहिला रविवार. बुलबुलबद्दल आधी एक सांगते, पोरगा वाईट नाही. सकाळचा कार्यक्रम करतो, अर्धं शहर त्याच्या आवाजावर चहा पितं. मला ताई म्हणतो. पण त्याच्या हाडीमाशी एक नियम खिळलाय, तो आम्ही रेडिओवाले सगळेच शिकतो. हवेत शांतता पडू द्यायची नाही. शांतता पडली की श्रोत्याला वाटतं रेडिओ बिघडला. दोन सेकंदं गप्प म्हणजे गुन्हा, पाच सेकंदं गप्प म्हणजे वर स्पष्टीकरण लिहून द्यायचं.

आणि मास्तर तर थांबत थांबतच बोलतात. व्हायोलिनवर सूर लावायचा, तो विरू द्यायचा, मग बोलायचं.

बुलबुल चौदा कार्डं घेऊन आला होता. प्रत्येक कार्डावर एक प्रश्न, सुवाच्य अक्षरात. मास्तरांनी सूर लावला, तो विरत होता, तेवढ्यात याने गाठलंच. "क्या बात है! तर मास्तर, लहानपणी घरात गाण्याचं वातावरण होतं का?" मास्तर म्हणाले, "नव्हतं. वडील बूट शिवायचे. पण त्यांच्या हातोडीला एक..." आणि थांबले. मी काचेमागे पुढे सरसावले. हातोडीला काय, मास्तर? बोला! पण बुलबुलच्या घड्याळात दोन सेकंदं भरली होती. "वा, वा! आणि तुमचं आवडतं वाद्य कोणतं?"

मी कपाळाला हात लावला. मास्तरांच्या मांडीवर व्हायोलिन होतं.

तासभर हेच. मी टॉकबॅक दाबू शकत नव्हते, कारण प्रसारण चालू झालं, लाल दिवा लागला की त्या खोलीतला स्पीकर आपोआप बंद होतो. निवेदकाला हेडफोनमध्ये माझं ऐकू जातं, पण मास्तर हेडफोन लावत नाहीत. कानाला डबे लावले की सूर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी बुलबुलच्या कानात ओरडले, "अरे, हातोडीचं विचार!" तो गोंधळला आणि दोन कार्डं खाली पडली. फोन आले तीन. त्यातला एक चुकीच्या नंबरचा.

घरी नणंदेने दार उघडताच सांगितलं, "वहिनी, आज मास्तर पाहुण्यांकडे गेल्यासारखे बोलत होते गं." ती आमच्याकडेच असते. संगीतातलं तिला ओ का ठो कळत नाही, पण कार्यक्रम एक चुकवत नाही.

सोमवारी मास्तर ताठ मानेने साहेबांच्या खोलीत गेले. "मला निवेदक नको. एकोणीस वर्षं एकटा बोललो, आताही एकटाच बोलेन. थेट."

साहेब म्हणाले, "बोला. होऊन जाऊ द्या."

मी दाराबाहेर उभी होते. आत जाऊन मास्तरांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. बाहेर आल्यावर त्यांना म्हटलं, "अहो, काय करून बसलात?" तर म्हणाले, "काय म्हणजे? बोलतोच ना मी दर रविवारी." एकोणीस वर्षं दर रविवारी घरी बसून स्वतःला ऐकून ऐकून त्यांनाही पटलं होतं, की ते एकटेच बोलतात! माझ्या कात्रीची सफाई बघा. मलाच रडू आलं.

दुसरा रविवार. लाल दिवा लागला. मास्तरांनी खिशातून कागद काढले.

मी मोजले, अकरा पानं होती.

मास्तर वाचत होते आणि मधूनमधून काचेकडे बघत होते. सवय! वाक्य टाकायचं, वर बघायचं, मी भुवई चढवली आहे का, हात हलवते आहे का, हसते आहे का. मी काचेमागून काय काय केलं म्हणून सांगू! भुवया चढवल्या, मान हलवली, मुठी आपटल्या. पण थेट प्रसारणाला आतले सगळे दिवे लागतात, काचेवर त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि मास्तरांची नजर अधू. त्यांना मी दिसत नव्हते. स्पीकर मुका होता. सातव्या पानावर त्यांचा आवाज बसला. नवव्यावर त्यांनी पाणी मागितलं, हवेत, सगळ्या शहरासमोर. द्यायला आत कोणी नव्हतं.

फोन एकही आला नाही. साहेब खाली आले, नेहमीच्या शांतपणे म्हणाले, "बघितलंत? गप्पाही नाहीत आणि व्याख्यानही नाही. आता शेवटचा रविवार आहे म्हणून घेऊ. सिनेगीतांची यादी तयार ठेवा."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. सांगून टाकायला हवं होतं. पण सांगायचं काय? मास्तरांची कीर्ती म्हणजे माझ्या कात्रीचं काम, असं? त्यांचं उरलंसुरलंही मीच काढून घेऊ? आणि सांगितलं तर साहेब म्हणणार, मग तुम्हीच बसा समोर. या आवाजाने! लोक रेडिओ बंद करतील, मास्तरांचा तास माझ्यामुळे जाईल. मी गप्प राहिले. आयुष्यात गप्प राहिल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातला हा.

शुक्रवारी उपाहारगृहात बुलबुल माझ्यासमोर येऊन बसला. चेहरा उतरलेला.

"ताई, पहिल्या रविवारचं माझ्यामुळे झालं. माझं लक्ष पुढच्या कार्डावर असतं हो. त्यामुळे समोरचा काय म्हणतोय ते मला ऐकूच येत नाही. घरी बायकोही हेच म्हणते."

"बायको शहाणी आहे," मी म्हटलं.

"म्हणून मी या आठवड्यात मास्तरांचे जुने कार्यक्रम काढून ऐकले. तीस ऐकले. ताई, एक विचारू? मास्तर एकटे बोलत असतात ना? मग मध्येच ते 'नाही बाई, तसं नाही' असं म्हणतात. दर कार्यक्रमात तीन-चार वेळा. कोणाला?"

मी चहाचा कप खाली ठेवला. एकोणीस वर्षं मी माझा श्वाससुद्धा शिल्लक ठेवला नव्हता. पण मास्तरांचं ते 'नाही बाई, तसं नाही' मला कधी कापवलं नाही. किती गोड म्हणायचे ते! लोकांना वाटायचं, बोलण्याची लकब आहे. आणि हा दोन सेकंदंही गप्प न बसणारा पोरगा, याच्याच कानाला ते लागावं!

"लकब आहे त्यांची," असं म्हणून मी उठले. चोराच्या मनात चांदणं. चहाचा कप तसाच राहिला.

तिसरा रविवार. साहेब स्वतः माझ्या खोलीत येऊन बसले, माझ्या उजव्या हाताला. "शेवटचा आहे, इथूनच ऐकतो," म्हणाले. मी अडीअडचणीसाठी एक गाणं यंत्रावर तयार ठेवलं होतं. तसा नियमच आहे, प्रसारण अडलं तर बटण दाबायचं, गाणं सुरू.

आतमध्ये मास्तर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. समोर बुलबुल, साहेबांनीच त्याला परत बसवला होता. लाल दिवा लागला. बुलबुलने नमस्कार-चमत्कार केला, आणि ठरल्याप्रमाणे मी एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. एका गायिकेचं, साडेसहा मिनिटांचं, मास्तरांच्या जिवाभावाचं. ते संपलं. बुलबुलने कार्डांचा गठ्ठा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला.

"मास्तर," तो म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. पण मी तुमचे तीस कार्यक्रम ऐकले. तुम्ही एकटे बोलताना म्हणता, नाही बाई, तसं नाही. मास्तर, ही बाई कोण?"

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. एक सेकंद, दोन, तीन. मी मनात म्हटलं, आता हा पोरगा तोंड उघडणार. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. घाम फुटला होता त्याला, पण बोलला नाही.

आणि मास्तरांचा चेहरा बदलला. त्यांना आठवलं. सगळे गुरुवार आठवले असणार, एकोणीस वर्षांचे. "अरे, माझी काय मती फिरली होती," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, माईकमध्ये, "काचेपलीकडे बसलीय ती बाई. ती विचारते म्हणून मला येतं. विचारा हो, बाई!"

आणि गप्प बसले. बुलबुलही गप्प. हवेत संपूर्ण शांतता.

"काय चाललंय हे?" साहेब ताडकन उठले. "शांतता आहे हवेत! चार सेकंदं झाली! गाणं लावा!"

माझ्या एका हाताखाली गाण्याचं बटण होतं. दुसऱ्या हाताजवळ एक खटका होता, माझ्या टेबलावरचा माईक थेट हवेत नेणारा. त्यावर मीच कधीतरी चिकटपट्टी लावून टाकली होती, चुकून हात लागू नये म्हणून.

"पाच! बाई, गाणं!"

काचेपलीकडे मास्तर माझ्या दिशेने बघत होते. त्यांना मी दिसत नव्हते, तरी बघत होते. गाणं लावलं असतं तर माझी नोकरी, माझी अब्रू, माझा आवाज, सगळं शाबूत राहिलं असतं. आणि ते सोमवारी सकाळी कशासाठी उठणार होते?

गेला खड्ड्यात आवाज! मी चिकटपट्टी ओरबाडली आणि खटका वर केला.

"मास्तर," मी म्हटलं, "ही गाणारी बाई वेडी आहे का?"

माझाच आवाज माझ्या कानात परत आला. जाडा, फाटका. पण बुलबुलच्याही हेडफोनमध्ये तो पोचला होता, आणि त्या पोराने एक क्षणही न दवडता हेडफोन काढला, पुढे झुकला आणि त्याची एक बाजू मास्तरांच्या उजव्या कानाशी धरली, दुसरीला स्वतःचा कान लावला. डबे नकोत म्हणणारे मास्तर हूं की चूं न करता ऐकू लागले.

"का हो? वेडी का?" त्यांचे डोळे चमकले.

"नाहीतर काय! तीनदा त्या वरच्या सुराच्या दारापर्यंत जाते आणि तीनदा परत फिरते. आत जायचं नाही तर एवढे जिने चढायचे कशाला?"

"नाही बाई, तसं नाही," मास्तर म्हणाले, आणि बुलबुल खळखळून हसला. मास्तरांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. "हे बघा. पहिल्यांदा ती इथवर येते. लगेच वळते. तुम्हाला फक्त दार दाखवते. दुसऱ्यांदा रेंगाळते, आतला उजेड दाखवते. तिसऱ्यांदा ती सगळ्यात जवळ जाते, अगदी उंबऱ्यावर, आणि तिथून फिरते. म्हणून चौथ्यांदा..."

"थांबा, थांबा. तिसऱ्यांदा जवळ कुठे जाते?"

"जातेच. सगळ्यात जवळ."

"अहो, काहीतरीच काय! तिसऱ्यांदा ती खूप आधीच वळते. अर्ध्या जिन्यातून."

"बाई, चाळीस वर्षं हे रेकॉर्डिंग शिकवतोय मी."

"मग चाळीस वर्षं चुकीचं शिकवताय! हातच्या काकणाला आरसा कशाला, लावतेच मी."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मी ते रेकॉर्डिंग मागे नेलं. कुठल्या सेकंदाला काय आहे ते माझ्या बोटांना पाठ असतं. पहिलं वळण लावलं. दुसरं लावलं. मग तिसरं. संपूर्ण शहरात तो तुकडा वाजला. ती बाई वर निघाली, आणि खरंच, अर्ध्यातून, थकल्यासारखी, मुकाट्याने खाली उतरली.

मास्तर काही बोलेनात. या वेळची शांतता आठ सेकंदांची होती, आणि ती मोडायची आम्हा कोणालाच इच्छा नव्हती. साहेबांनाही नव्हती.

"परत लावा ना," बुलबुल दबक्या आवाजात म्हणाला. मी परत लावलं.

"अरे देवा," मास्तर म्हणाले. "मी ऐकलंच नाही कधी. मला वाटलं तिने असं गायला हवं, म्हणून मला तसंच ऐकू येत होतं. बाई... ती हार मानते. तिसऱ्यांदा ती हार मानते हो! आणि तिच्याबरोबर आपणही सोडून देतो. म्हणतो, जाऊ दे, नसेल तिच्या नशिबात. आता कोणी वाट बघत नाही. आणि मग, लावा, लावा, चौथं लावा!"

मी लावलं. कोणतीही तयारी न करता, जिना न चढता, ती एकदम वरच्या सुरावर उभी होती. भरदार, स्वच्छ. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मास्तर रडत होते आणि हसत होते. हात अवघडला तरी बुलबुलने हेडफोन सोडला नव्हता, आणि तोही डोळे पुसत होता, दुसऱ्या हाताच्या बाहीने.

"बघितलंत!" मास्तर माईकमध्ये अक्षरशः ओरडले. "चाळीस वर्षं! आणि आज कळलं!"

पुढची चाळीस मिनिटं कशी गेली ते विचारू नका. आम्ही भांडलो. मी हातोडीचं विचारलं, त्यांनी वडिलांच्या दुकानातला ठेका टेबलावर वाजवून दाखवला. मी दोनदा चुकले, ते एकदा चुकले, बुलबुलने एक प्रश्न विचारला आणि तो इतका चांगला होता की मास्तरांना उत्तर देता आलं नाही. अकरा वाजता लाल दिवा विझला तेव्हा कोणाला खुर्चीतून उठवेना.

बाहेर दोन्ही फोन बोंबलत होते. फोन घेणारी बाई एक खाली ठेवायची तोवर दुसरा. तिने वहीची पाठपोट पानं भरली होती. लोक विचारत होते ती दुसरी बाई कोण, पुढच्या रविवारी असणार का, ते तिसरं वळण परत ऐकवाल का. एका आजोबांनी फोनवर नुसतं 'शाब्बास' म्हटलं आणि ठेवला. बाविसावा फोन माझ्या नणंदेचा. "वहिनी! अगं, तू रेडिओवर मास्तरांशी भांडत होतीस! शेजारीण धावत आली, म्हणाली, ही कोण गं जाड आवाजाची? मी म्हटलं, आमची वहिनी आहे, आणि घरी याहून मोठ्याने बोलते!"

मी हसता हसता खाली बसले. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आमच्या ह्यांना सांगू नका.

साहेब आले. हातात ती वही. बराच वेळ ते पानं उलटत राहिले.

"मी गाणं लावा म्हणालो होतो," ते म्हणाले.

"ऐकलं होतं मी."

"बरं झालं लावलं नाहीत." त्यांनी वही मिटली. "तास राहील. तुम्ही समोर बसा, दर रविवारी. फक्त एक सांगा, वेळापत्रकात काय लिहू? व्याख्यान म्हणू की गप्पा?"

"भांडण लिहा."

पहिल्यांदाच साहेब हसले. "आणि बुलबुल? आता त्याची गरज नाही ना?"

"आहे तर! त्याला ठेवा. गप्प बसायलाही माणूस लागतो, आणि तेवढं त्याच्याइतकं चांगलं आज कोणी केलं नाही."

बुलबुल दारात उभा होता, त्याने मला वाकून नमस्कार केला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मास्तर व्हायोलिनची पेटी घेऊन जिन्याकडे निघाले होते. चाल बघा, जणू पंचेचाळिशीचे! दोन पायऱ्या उतरले आणि वळले.

"बाई, पुढच्या रविवारी काय विचारणार आहात?"

"सांगितलं तर तुम्ही लिहून आणाल," मी म्हटलं. "नाही सांगत, जा!"